भोंगा बंद, दिवा चालू

मी भिंतीवरची एक लाल पेटी आहे. जुनी आहे, आणि मित्रांनो, लाडकी मुळीच नाही. दुसऱ्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की माणसांनी त्यांना किती जपले, किती माया केली, ते सांगतात. मला तसे काही सांगता येणार नाही. लोकांनी मला शिव्या दिल्या आहेत, बुटांनी मारले आहे, माझ्या कुलपाच्या भोकात च्युइंग गम कोंबला आहे. मीही त्यांना काही कमी छळलेले नाही. अंघोळ अर्धी टाकून, ओल्या केसांनी त्यांना बर्फात उभे केले आहे, आणि तेही कुणाचा तरी पाव करपला म्हणून.

मी आगीची सूचना देणारी पेटी. अमेरिकेत, मोठ्या सरोवराच्या काठी असलेल्या ईरी शहरात हार्बर टेरेस नावाची विटांची इमारत आहे. नावात बंदर असले तरी तिच्या एकाही खिडकीतून बंदर दिसत नाही. तिच्या दारातून आत आले की समोरच्या भिंतीवर मी दिसते. मजल्यामजल्यावर छताला लावलेली गोल डबडी म्हणजे माझी नाके. त्यांना धूर लागला की मला कळते. मग मी भोंगे वाजवते आणि भोंग्यांच्या पोटातले पांढरे दिवे लखलखवते. भोंगा ऐकणाऱ्यांसाठी, दिवा ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. दोन्ही एकाच तारेवर असतात, आणि त्यांचा ठेका धरणे हे माझे खरे काम. दर सेकंदाला मी तारेतली वीज पापणी लवण्याइतकी तोडते. त्या खुणेसरशी सगळे दिवे एकदम चमकतात. भोंगे तीनदा ओरडतात, थांबतात, पुन्हा तीनदा ओरडतात. सगळे एका दमात. निदान तसे व्हायला हवे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जिने माझ्या तारा जोडल्या तिने शेवटी एक भोंगा वाजवून पाहिला, कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "काय कर्कश आहे गं बाई ही!" पुढे मला उमगले की आयुष्यभरात मिळालेली तीच सर्वांत मोठी शाबासकी होती.

हार्बर टेरेसमध्ये सुरुवातीला लुडविक नावाचा रखवालदार होता. तो माझ्या झरोक्यांतली धूळ ब्रशने झाडायचा. एकदा तळघरातल्या बॉयलरची वायर धुमसू लागली, मी ओरडले, आणि सगळे लोक धडधाकट बाहेर पडले. त्या दिवशी लुडविकने माझ्या दारावर थाप मारली, जशी घोड्याच्या मानेवर मारतात तशी. मित्रांनो, ती थाप मी अजून विसरलेले नाही. लुडविक निवृत्त होऊन मुलीकडे गेला आणि त्याच्या जागी डेल क्रेबिल हा मॅनेजर आला.

डेल दिसायला गोड माणूस. अंगाने भरलेला, गालांवर लाली, हातात सदा कॉफीचा पेला. तो कुणाशी भांडत नसे. तो दुसऱ्यांची भांडणे लावून देई आणि मग मधे उभा राहून दोघांनाही समजूतदारपणे मान हलवून दाखवी. माझी किल्ली त्याच्या कमरेला असायची. मी ओरडले की तो धावत यायचा, माझे दार उघडायचा आणि सगळ्यांत आधी गप्प करायचे बटण दाबायचा. धूर कुठे आहे ते नंतर. कधीकधी तेही नाही.

त्याच्या काळात इमारतीला एक नवा भाग जोडला गेला. प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी जुना आणि नवा भाग मिळत असे, म्हणजे जिन्यात उभे राहिले की डाव्या हाताला जुने दिवे आणि उजव्या हाताला नवे. माझी ताकद तेवढ्यांना पुरेना म्हणून नव्या भागात वीज पुरवणारी एक जोडपेटी बसवली. काम करणाऱ्यांना घाई होती. दिवे त्यांनी दुसऱ्याच कंपनीचे लावले, ज्यांना माझी खूण समजत नव्हती. जोडपेटीला माझ्या ठेक्याने चालायला शिकवायचे तेही राहिले, आणि ती आपल्याच ठेक्याने चालू लागली. मी डावीकडे चमकवले की ती थोड्या वेळाने उजवीकडे चमकवी. भोंग्यांचे तर विचारू नका. माझे तीन संपायच्या आत तिचे तीन सुरू होत, आणि सगळी इमारत भाजीबाजारासारखी नुसती कलकलाट करी. दोन ठेके एका घरात. मला लाज वाटे, पण मला तोंड आहे ते फक्त ओरडायला. तक्रार करायला नाही.

त्या शरदात चौथ्या मजल्यावर कोरीन डॅब्नी राहायला आली. तिशीतली, बारीक चणीची, एका बेकरीत पेपरोनी म्हणजे मसालेदार सॉसेज भरलेले पावाचे गोळे वळायचे काम करणारी. तिच्या बाहीवर कायम पीठ असे. लहानपणापासून तिला फिट येत असत. औषधाने त्या बऱ्याच आटोक्यात होत्या, पण लखलखता उजेड डोळ्यांवर आला की औषधाचे काही चालत नसे.

एका संध्याकाळी कुणाच्या तरी कढईतला बेकन जळला आणि मी ओरडू लागले. कोरीन इतरांबरोबर जिना उतरून माझ्यासमोर आली. डावीकडून माझे दिवे, उजवीकडून जोडपेटीचे. ती थबकली, तिची मान एका बाजूला वळली, आणि ती खाली कोसळली. तिचा पुढचा दात फरशीवर फुटला. लोक तिच्याभोवती गोळा झाले आणि त्यांच्या डोक्यांवर आमचे दिवे खुशाल चमकत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या ओठाने खाली आली, पायातला बूट काढला आणि त्याच्या टाचेने माझ्या दारावर मारू लागली. "मर! मर, लाल भवाने!" ती मारताना रडत नव्हती. मी तिथेच लटकले होते. दुसरे काय करणार? पण मला तिचा राग आला. मी आगीसाठी ओरडते, आणि ही मला मारते!

त्याच रात्री तिने आपल्या दारातून दिसणाऱ्या दिव्यावर जाड चंदेरी चिकटपट्टी लावून टाकली. तो दिवा नव्या भागातला पहिला. आणि तो होता ऑर्व्हिल टेस्कच्या दारासमोर.

ऑर्व्हिल छापखान्यातून निवृत्त झालेला. लहानपणीच्या तापात त्याचे ऐकणे गेले. पूर्वी मोठ्या छापखान्यांत ऐकू न येणारी माणसे मुद्दाम घेत, कारण यंत्रांच्या गडगडाटाने त्यांचे काही बिघडत नसे. तो ओठ वाचायचा आणि बोलायचा सपाट, मोठ्या आवाजात, ज्याचा चढउतार त्याला स्वतःला कधीच ऐकू आला नव्हता. आपल्या खोलीत एक दिवा बसवा म्हणून तो डेलच्या मागे कित्येक वर्षे लागला होता. तो बसलाच नाही. दाराच्या वरच्या काचेतून बाहेरच्या दिव्याचा उजेड त्याच्या भिंतीवर पडायचा, तेवढाच त्याचा आधार.

चिकटपट्टी पाहिल्यावर तो जिना दणदणत खाली आला. कोरीन टपालाच्या पेटीपाशी उभी होती आणि डेल नेहमीप्रमाणे कॉफी घेऊन.

"माझ्या दारासमोरच्या दिव्यावर पट्टी कुणी लावली?" ऑर्व्हिलने विचारले.

"मी लावली. काढलीत तर परत लावीन."

"तोंड इकडे करून बोल. पुटपुटू नकोस."

"मी ला-व-ली!" कोरीनने दात दिसतील असे तोंड फाकवले. "दिसलं आता?"

"तो दिवा म्हणजे माझा कान आहे! तू माझा कान बुजवलास!"

"आणि तुमचा तो कान मला जमिनीवर आपटतो! हा दात बघा. नीट बघा. तुमच्या कानाने पाडलाय हा."

"मग दुसरीकडे राहायला जा."

"मी का? तुम्ही जा. तुमचं तर जगून झालंय."

ऑर्व्हिलने ते शब्द तिच्या ओठांवर नीट वाचले. "विषारी पोरगी आहेस तू," तो म्हणाला, आणि वर जाऊन त्याने चिकटपट्टी नखांनी ओरबाडून काढली. कोरीनने ती पुन्हा लावली. त्याने पुन्हा काढली.

डेलने मध्ये पडून काय करावे? त्याने कोरीनला बाजूला घेऊन सांगितले, "माझ्या हातात असतं तर मी ते दिवे कधीच काढले असते गं. पण हा म्हातारा हट्टाला पेटलाय. वकिलाची धमकी देतो." आणि ऑर्व्हिलला, तोंड त्याच्याकडे करून, सावकाश सांगितले, "तुझ्या खोलीत दिवा बसवणारच होतो रे. पण ही बया आल्यापासून मला भीती वाटते. तिला काही झालं म्हणजे?" दोघांनीही ते खरे मानले. डेल परत आपल्या खोलीत जाऊन पाय पसरून बसला. दोघे एकमेकांच्या नरडीला लागले असताना त्याच्याकडे काम मागायला कोण येणार होते?

हे सगळे माझ्यासमोर घडत होते आणि मला एकही शब्द बोलता येत नव्हता. त्या दिवसांत मला माणसांचा इतका तिटकारा आला होता की वाटे, खरीच आग लागावी, मग समजेल यांना. मित्रांनो, असे वाटून घेऊ नये. पण वाटले.

नाताळच्या आधी वर्षाच्या तपासणीसाठी रेनाटा विल्झेक आली. पोलिश वस्तीतली, धिप्पाड आणि तोंडाची फटकळ. माझे दार अडकले तर तिने मला गुडघ्याने ढकलले. मग तिने मला वाजवून पाहिले आणि समोर उभी राहून डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पुन्हा डावीकडे पाहिले.

"हे काय? इथे दोन वाजंत्री ठेवलेत का?" ती म्हणाली. "डेल, तुमचे दिवे जुळलेले नाहीत."

"चमकतात ना? मग झालं," डेल म्हणाला.

"झालं कसं? एक दिवा सेकंदाला एकदा चमकतो, ते बहुतेकांना सोसतं. इथे दोन बाजूंनी मागेपुढे चमकतायत. ज्याला फिट येते त्याच्या डोळ्यांवर नुसता भडिमार होतो."

कोरीन कामावरून येत दारातच उभी होती. तिने ते ऐकले. "म्हणजे दिव्यांमुळे नाही? दिवे जुळले नाहीत म्हणून?"

"बहुतेक. आणि चौथ्या मजल्यावरच्या दिव्यावर पट्टी तुम्ही लावलीत? मी ती काढलीय, परत लावायची नाही. त्या म्हाताऱ्याला ती आंधळं करते."

"मला उपदेश नकोय. मला हे नीट करून हवंय."

"मलाही हवंय. ओरडताय कुणावर?"

रेनाटाने त्याच दिवशी प्रयत्न केला. लॅपटॉपची वायर माझ्यात खुपसून तिने माझा ठेका बदलून पाहिला. माझे दिवे जुळले, पण नव्या भागातल्यांना माझी खूण समजेना. त्यांतले काही भरकटत चमकले, काही चमकलेच नाहीत. तिने पोलिश भाषेत एक लांबलचक शिवी दिली. "त्या बाजूचे सगळे दिवे बदलावे लागतील," ती डेलला म्हणाली. "या पेटीच्या कंपनीचे दिवे आणि त्या बाजूचे दिवे एकमेकांची भाषा बोलत नाहीत. तोवर निदान सगळे पेटायला तरी हवेत, म्हणून होतं तसं करून ठेवतेय. आणि हे मला अजिबात पसंत नाही."

"मी वर कंपनीत विचारतो," डेल म्हणाला. "वसंतात बघू."

"वसंतात!" कोरीन म्हणाली. "आग काय तुमच्या वसंताची वाट बघत बसणारे?"

डेलने समजूतदारपणे मान हलवली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी सरोवरावरून बर्फाचा मारा चालू होता. दुसऱ्या मजल्यावरच्या धुलाईच्या खोलीत कपडे वाळवायच्या यंत्राच्या नळीत वर्षानुवर्षांचे धागे साचले होते. ते पेटले. माझ्या नाकाला धूर लागला आणि मी ओरडले. खरेच ओरडले. पण माझ्या ओरडण्यात खरे कुठले आणि खोटे कुठले, ते कुणाला कळणार होते? इतक्या वेळा मी करपलेल्या पावासाठी ओरडले होते.

लोक कुरकुरत, कोट चढवत खाली आले. कोरीन डोळ्यांवर हात धरून भिंतीच्या आधाराने उतरली आणि तशीच बाहेर बर्फात गेली. डेल आला, कमरेची किल्ली काढली, माझे दार उघडले. "पुन्हा कुणीतरी पाव जाळला वाटतं," तो म्हणाला, आणि बटण दाबले.

भोंगे बंद झाले. आणि मित्रांनो, दिवेही बंद झाले. माझ्यात तसेच भरून ठेवले होते, की गप्प केले की दोन्ही गप्प. चौथ्या मजल्यावर ऑर्व्हिल बूट घालून नुकताच दाराबाहेर आला होता. त्याने पाहिले, दिवा विझला. म्हणजे काही नाही, नेहमीचेच. तो परत आत गेला, बूट काढले आणि उजेड पडणाऱ्या भिंतीकडे पाठ करून आपले शब्दकोडे पुढे ओढले. बाकी सगळ्यांना खालून आरडाओरडा ऐकू येत होता, "धूर येतोय, धूर!" तो तेवढा त्याला ऐकू आला नाही.

बाहेर कोरीनने लोकांकडे पाहिले. "तो बहिरा कुठाय?"

"असेल इथेच कुठेतरी," डेल म्हणाला. "अग्निशमनवाले येतायत, घाबरू नकोस."

"इथे नाहीये तो. दिवे तुम्ही बंद केलेत?"

"मी फक्त आवाज बंद केला."

ती आत शिरली. "कोरीन, वेडी आहेस का!" असे डेल ओरडला, पण दाराबाहेरूनच. ती माझ्यासमोर आली तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या नाकाला धूर लागला आणि मी पुन्हा जागी झाले. भोंगे, दिवे, दोन्ही ठेके. ती शहारली. तिने एक डोळा तळहाताने गच्च झाकला. एक डोळा झाकला की तिला थोडे सोसत असे. दुसरा जवळजवळ मिटून तिने कठडा धरला आणि ती वर चढू लागली. त्या क्षणी मला गप्प करायला कुणीतरी हवे होते. डेल बाहेर होता. आयुष्यात पहिल्यांदा तो मला हवा होता आणि पहिल्यांदाच तो माझ्यापाशी नव्हता.

वर काय झाले ते मी नंतर ऑर्व्हिलच्याच तोंडून ऐकले, तो अग्निशमन दलाच्या कॅप्टनला सांगत असताना. त्याच्या दारावर एक घंटी होती, जी दाबली की आत मेजावरचा दिवा लागे. तो दिवा लागला. त्याने दार उघडले. समोर एक डोळा झाकलेली कोरीन. ही पुन्हा भांडायला आली असे समजून त्याने दार तिच्या तोंडावर आपटले. तिने मध्ये पाय घातला. दार पायावर आदळले. तिला खोकल्यामुळे एक शब्द बोलता येईना. तिने नुसते त्याच्या कोटाला धरून जिन्याकडे ओढले, आणि तेव्हा त्याला धुराचा वास आला.

दोघे उतरू लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन्हीकडचे दिवे एकदम समोर येतात. तिथे तिचा हात डोळ्यावरून सुटला, कारण कठडा धरायला तिला तो लागला. ती पडली आणि तिचे अंग झटके देऊ लागले. ऑर्व्हिल सत्तरी ओलांडलेला माणूस. त्याने तिचे डोके आपल्या छातीशी धरले आणि तिला पायरीपायरीने, बसत बसत, खाली आणले. माझ्यासमोर ते दोघे आले ते असे: म्हातारा अनवाणी आणि तिच्या टाचा पायऱ्यांवर आपटत. तेवढ्यात अग्निशमनवाले दारातून आत घुसले.

आग विझली. कुणी मेले नाही. कोरीनचा हात मोडला होता. तिला नेल्यावर ओल्या कोटांतले सगळे लोक दालनात जमले, आणि डेल कॅप्टनला सांगू लागला, "पेटीच जुनी झालीय हो. नेहमी खोटी ओरडते. काय करणार?"

ऑर्व्हिल त्याच्या ओठांकडे पाहत होता. "दिवे कुणी बंद केले?" त्याने विचारले.

सगळे डेलकडे पाहू लागले.

"मी फक्त आवाज बंद केला," डेल म्हणाला. "लोकांना त्रास होत होता."

"मला आवाज नाहीच आहे, डेल," ऑर्व्हिल म्हणाला. "मला फक्त दिवा आहे."

मान हलवायची सवय असलेल्या त्या माणसाला तेव्हा मान कुठे हलवावी ते सुचेना.

कॅप्टनने जाताना खडसावून सांगितले की हे नीट होईपर्यंत इमारतीत दिवसरात्र माणूस फिरता ठेवा. त्या माणसाचा खर्च दिव्यांपेक्षा जड जाणार होता, मग वसंताची वाट पाहायची गरज उरली नाही. त्याच आठवड्यात रेनाटा नव्या दिव्यांची खोकी घेऊन आली. ऑर्व्हिल तिची वाटच पाहत होता.

"तू डिसेंबरात आली होतीस," तो म्हणाला. "हे गप्प करायचं बटण दाबून पाहिलं होतंस?"

"नाही."

"का?"

रेनाटाने तोंड त्याच्याकडे नीट वळवले. "ठेक्याच्या मागे लागले होते. बटण दाबल्यावर दिव्यांचं काय होतं ते बघायला हवं होतं. नाही बघितलं."

ऑर्व्हिलने 'असू दे' म्हटले नाही. तिनेही तशी अपेक्षा केली नाही. ती शिडीवर चढली आणि नव्या भागातले दिवे एकेक करून उतरवू लागली. त्यांच्या जागी माझ्या जातीचे दिवे आले. एक दिवा ऑर्व्हिलच्या खोलीतही गेला, पलंगासमोर.

मग ती माझ्यापुढे फरशीवर फतकल मारून बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. मित्रांनो, आपल्या डोक्यात दुसऱ्याची बोटे फिरताना कसे वाटते ते तुम्हाला कसे सांगू! आधी तिने जोडपेटीला सांगितले, की तू स्वतःचा ठेका सोड, आता हिची खूण ऐकायची आणि तशीच पुढे पाठवायची. मग मला प्रत्येक तार कुणाच्या बोलीची ती शिकवली. मग भोंग्यांचे तीन-तीन एका रांगेत लावले. शेवटी बटणाचे काम: गप्प केले तर भोंगे तेवढे गप्प, दिवे चालूच. सगळे पूर्ववत करेपर्यंत चालूच.

पहिल्यांदा चुकले. बटण दाबले तर माझे भोंगे गप्प झाले आणि नव्या भागातले केकाटतच राहिले. रेनाटाने मला चापट मारली. मी तिला मनातल्या मनात दोन सुनावल्या. तिने एक ओळ बदलली, पुन्हा भरले, पुन्हा दाबले. आता बरोबर.

शेवटच्या चाचणीला कोरीन खाली आली. हात गळ्यात, दाताच्या जागी नवा दात. ऑर्व्हिलला पाहून तिने तोंड वळवले, मग त्याला वाचता यावे म्हणून परत त्याच्याकडे केले.

"मी तुमच्यासाठी वर आले नव्हते," ती म्हणाली. "डेल 'असेल इथेच' म्हणाला, त्याचा राग आला म्हणून आले."

"तू दारात आलीस तेव्हा मला वाटलं शिव्या द्यायलाच आलीस."

"द्यायच्याच होत्या. श्वास पुरला नाही."

"माझ्या पायाच्या बोटांना बर्फ लागलं तुला बाहेर नेताना. अजून दुखतात."

"माझा हात मोडलाय!"

"पुरे करा दोघं," रेनाटा म्हणाली. "बाई, तुम्ही बाहेर उभ्या राहा. दिवे जुळलेत, पण तुम्हाला काही होणार नाही अशी खात्री मी देणार नाही. ती कुणीच देऊ शकत नाही."

"मी इथे राहते," कोरीन म्हणाली. "मला इथेच राहायचंय. मग मला घर सोडून पळायला लागेल की नाही, ते आत्ताच कळू दे."

तिने एक डोळा झाकला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ऑर्व्हिल तिच्या मागे सरकला.

"मागे उभे राहू नका. मी काही लगेच पडत नाहीये."

तो हलला नाही. तिने पुन्हा सांगितले नाही.

रेनाटाने भिंतीवरची आगीची कळ ओढली. मी ओरडले. तीन, थांबा, तीन. डावीकडे आणि उजवीकडे, खालपासून वरच्या मजल्यापर्यंत, एकच आवाज. आणि दिवे! माझ्या एका खुणेवर सगळे एकदम चमकले, एकदम विझले. मी इतकी वर्षे टांगलेली आहे, पण आपले अंग एक आहे हे मला त्या दिवशी कळले. कोरीनच्या कपाळावर घाम आला होता. तिची मान वळली नाही. बराच वेळ गेला. मग तिने हळूहळू डोळ्यावरचा हात खाली घेतला, पापण्या फडफडवल्या, आणि उभी राहिली.

रेनाटाने बटण दाबले. भोंगे थांबले. दिवे चमकत राहिले.

ऑर्व्हिल दिव्याकडे पाहत होता. त्याला काय कळणार? त्याने कोरीनच्या खांद्याला बोट लावले. "आवाज चालू आहे का अजून?"

कोरीनने त्याच्याकडे पाहिले. काहीतरी टोचून बोलायला तिचे ओठ उघडले होते. मग तिने ते मिटले आणि नुसती मान हलवली. नाही. बंद झालाय.

"आणि दिवा चालू," तो म्हणाला.

तिने होकारार्थी मान हलवली.

एवढेच. त्यांची मैत्री झाली असे मी सांगणार नाही, कारण झाली नाही. कचऱ्याच्या पिशव्यांवरून ते अजून भांडतात, आणि तिच्या दारापुढे तो मुद्दाम काठी आपटत जातो. डेलला कंपनीने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत पाठवले आहे. तिथल्या लाल पेटीची मला दया येते.

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करा असे मी म्हणणार नाही. ते तुमच्याने होणार नाही आणि मला त्याची सवयही नाही. पण माझ्या झरोक्यांतली धूळ कुणीतरी झाडत चला. माझे सगळे दिवे एका ठेक्यात आहेत ना, ते वर्षातून एकदा उभे राहून पाहत चला. आणि मी ओरडले की आधी बटणाकडे धावू नका. तुमच्या मजल्यावर जो मला ऐकू शकत नाही त्याचे दार आठवा. मला शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या, अगदी पोटभर द्या. फक्त त्या जिना उतरता उतरता द्या.